मढीची यात्रा आणि एका पालातलं जेवण

मागच्या खेपेला आपण निजामशाहीतल्या नगर शहराबद्दल बोललो. आज शहर सोडून पूर्वेकडे जायचं आहे. माळीवाड्याच्या स्टँडवरून पाथर्डीची एसटी धरायची, करंजीचा घाट ओलांडायचा, तिसगाव मागे टाकायचं आणि निवडुंग्याला उतरायचं. तिथून आत काही अंतरावर गर्भगिरीच्या डोंगरात मढी नावाचं गाव आहे. गावाजवळच्या टेकडीवर किल्ल्यासारखी तटबंदी दिसते. ते कानिफनाथांचं समाधिस्थान. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, पण आमच्या तोंडून बोलताबोलता 'नगर' जाईल, तेवढं वयाकडे पाहून चालवून घ्या.

मढीच्या यात्रेला 'भटक्यांची पंढरी' म्हणतात. होळीला सुरू होते आणि गुढीपाडव्यापर्यंत चालते, मुख्य दिवस रंगपंचमीचा. या यात्रेबद्दल पुस्तकात वाचून आम्ही व्याख्यान देऊ शकलो असतो. पण आम्ही दोघं, म्हणजे आम्ही आणि आमची पत्नी, 1986 सालच्या मार्च महिन्यात तिथे पाहुणे म्हणून गेलो होतो, एका मित्राच्या घरी. घर म्हणजे पाल. त्या भेटीत आम्ही काय खाल्लं हे कळायला आम्हाला एसटीचा परतीचा प्रवास लागला, आणि ते पचायला त्याहून बरीच वर्षं. त्यामुळे आजचं व्याख्यान त्या जेवणाला धरूनच करायचं असं ठरवलं आहे.

आमचे मित्र आमच्याच महाविद्यालयात अधिव्याख्याता होते. त्यांच्या घरातले, त्यांच्या भावकीतले पहिले पदवीधर. जात भटकी, नाव मुद्दाम घेत नाही. कारण पुढे जे सांगणार आहोत ते कुठल्या एका जातीचं नाही, आणि एका जातीचं नाव घेतलं की श्रोते सुटकेचा श्वास सोडतात, असा आमचा अनुभव आहे. होळीच्या सुमारास ते स्टाफरूममध्ये म्हणाले, "सर, रंगपंचमीला मढीला या. वहिनींनाही आणा. आईची इच्छा आहे." पाच वर्षांत त्यांनी आम्हाला कधी गावाकडे बोलावलं नव्हतं. आम्ही लगेच हो म्हणालो. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाला लोकजीवन पाहायची एक हौस असते. ती फार निर्मळ असते असं नाही.

आता थोडा इतिहास. कानिफनाथ हे नवनाथांपैकी एक, जालिंदरनाथांचे शिष्य. मराठी घरात त्यांची कथा पोहोचली ती धुंडिसुत मालूच्या 'नवनाथ भक्तिसार'मुळे. हा ग्रंथ शके 1741 चा, म्हणजे इसवी सन 1819 चा. पेशवाई बुडाल्याच्या दुसऱ्या वर्षी. त्यात कानिफ हत्तीच्या कानातून जन्मले अशी कथा आहे. पण नाथांचा शोध घेणारे अभ्यासक मागे जातात ते बंगाल आणि नेपाळपर्यंत. 1907 साली हरप्रसाद शास्त्रींना नेपाळच्या दरबारी ग्रंथालयात चर्यापदांचं हस्तलिखित सापडलं, 1916 साली ते छापलं गेलं. त्यात सिद्धांची जी पदं आहेत त्यांत सर्वांत जास्त पदं कान्हपाची आहेत, आणि हा कान्हपा म्हणजेच आपला कानिफ असं बरेच विद्वान मानतात. एका पदात तो एका डोंबिणीशी बोलतो. तिची झोपडी नगराबाहेर आहे, आणि हा कापालिक योगी तिचा संग मागतो. टीकाकार त्याचा योगपर अर्थ लावतात, तो असेलही. पण प्रतिमा कुठून घेतली? वेशीबाहेरून. आणि शेकडो वर्षांनी त्याच नावाच्या समाधीभोवती वेशीबाहेरची माणसं येऊन पालं ठोकतात. या दोन गोष्टींमध्ये सरळ धागा आहे असा पुरावा आमच्याकडे नाही. धागा नसतानाही जुळणारी गोष्ट इतिहासात भेटते, ती नोंदवून ठेवावी.

मढीचं दुसरं नावही लक्षात ठेवायला हवं. 1884 च्या नगर जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये, तेव्हा मढी शेवगाव तालुक्यात होती, या स्थानाची नोंद शाह रमजान माही सवार या नावाने आहे, आणि हिंदू त्यालाच कान्होबा म्हणतात असं सांगितलं आहे. माही सवार म्हणजे माशावर स्वार झालेला. गोदावरी माशावर बसून ओलांडली अशी कथा. एकाच समाधीला दोन नावं, दोन कथा, हे नाथपंथाच्या अनेक स्थानांवर झालेलं आहे. रा. चिं. ढेरे यांच्यासारख्यांनी या सरमिसळीचा अभ्यास आयुष्यभर केला. अलीकडे यावर वाद आहेत, कोर्टकज्जेही आहेत. 2025 साली यात्रेत मुस्लिम विक्रेत्यांना जागा देऊ नये असा ठराव ग्रामसभेत झाला, तो गटविकास अधिकाऱ्यांनी रद्द केला, हे तुम्ही वर्तमानपत्रात वाचलं असेल. आम्ही गेलो त्या वर्षी आमच्या पत्नीने बांगड्या भरल्या त्या एका मुस्लिम बाईकडून, आणि ती बाई हात दाबत सांगत होती की नाथबाबाच्या यात्रेतली बांगडी वर्षभर टिचत नाही. टिचली ती दुसऱ्याच महिन्यात, पण ते असो.

तटबंदीबद्दल एक आख्यायिका आहे. शाहू महाराज मोगलांच्या कैदेत असताना येसूबाईंनी नवस केला, शाहू सुटले तर नाथांचं स्थान बांधून काढीन. शाहूंची सुटका 1707 साली औरंगजेबाच्या मृत्यूनंतर झाली, येसूबाई परतल्या त्या 1719 साली. म्हणजे नवस केलेला असेल तर स्वतः कैदेतच केलेला. बांधकामाचे दगड डोंगरावर चढवले ते गोपाळ समाजाने, म्हणून मढीच्या होळीचा मान गोपाळांचा, असं सांगतात. आख्यायिका खरी की खोटी यापेक्षा तिने काय काम केलं ते पाहावं. राजाचं नाव नवसाला, आणि हक्क मात्र दगड वाहणाऱ्यांना. पुराणात आणि शिलालेखात मजुरांना अशी जागा क्वचित मिळते. पायऱ्या चढून गेलं की वर डाळिंबाचं झाड आहे, डालीबाई नावाच्या शिष्येच्या समाधीवर उगवलं असं मानतात. लोक त्याला नवसाच्या नाड्या बांधतात.

यात्रेआधी नाथांच्या समाधीला तेल लावतात आणि त्या दिवसापासून गावकरी तळण करत नाहीत, लग्नकार्य करत नाहीत, पलंगावर झोपत नाहीत, शेतीची कामंही बंद. यजमान गाव असं स्वतःला आवरून बसतं आणि मग पाहुणे येतात. पाहुणे कोण? कैकाडी, वडार, बेलदार, कोल्हाटी, वैदू, गोसावी, मदारी, कुंभार, परीट, किती सांगावेत. उंच बांबूच्या काठ्या, त्यांना रंगीत कापड आणि टोकाला मोरपिसं, वाजत गाजत टेकडीवर न्यायच्या आणि कळसाला भेटवायच्या. रेवड्यांची उधळण. एकीकडे मलिदा, दुसरीकडे पालाच्या मागे बोकड. आणि पायथ्याला गाढवांचा बाजार.

या बाजारावर जरा थांबू. आम्ही तिथे अडीच तास घालवले, पत्नी कंटाळून निघून गेली. गाढवं दोन प्रकारची, गावठी आणि काठेवाडी. काठेवाडी उंच, पांढुरकी, भाव जास्त, गुजरातेतून व्यापारी घेऊन येतात. वय दातावरून ठरतं. दोन दातांचा तो दुवान, चार दातांचा चौवान, पुढे अखंड जवान. गिऱ्हाईक आधी तोंड उघडून पाहतं, मग पाय, मग पाठीवर कोपराने दाबून बघतं. घेणारे कोण, तर माती वाहणारे, विटा वाहणारे, दगड वाहणारे. आणि सौदा बऱ्याचदा उधारीवर. पैसे पुढच्या वर्षी याच यात्रेत, याच जागेवर. कागद नाही, सही नाही. आम्ही मित्रांना विचारलं, बुडवले तर? ते म्हणाले, "बुडवणारा पुढच्या वर्षी येणार कुठे? जात इथंच बसते."

इथे सगळ्या यात्रेचं मर्म आहे. गावात राहणाऱ्या माणसाला पाटील, चावडी, सावकार, देऊळ, सगळं बारा महिने जवळ असतं. सतत हिंडणाऱ्याला यातलं काहीच नाही. मग वर्षातून एकदा, ठरलेल्या तिथीला, ठरलेल्या जागी सगळ्यांनी जमायचं. सोयरीक तिथे, घटस्फोट तिथे, उधारी तिथे, जनावर तिथे, न्याय तिथे. काळ फाल्गुनाचा, कारण रब्बीचं धान्य निघालेलं असतं, लोकांच्या हातात चार पैसे असतात आणि पावसाळा लांब असतो. जेजुरीला पौष पौर्णिमेला, नांदेडकडे माळेगावला मार्गशीर्षात, असंच जमणं होतं.

जातपंचायतीबद्दल आपण वाईट ऐकतो आणि ते बरोबरच आहे. पण ती का टिकली याचं उत्तर नुसतं 'अज्ञान' असं देणं हा आळस आहे. 1871 साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला, 1911 साली तो देशभर लागू होईल असा केला. म्हणजे मूल जन्मलं तेच संशयित. ठाण्यावर हजेरी, हद्द सोडायची तर परवाना, काहींना सोलापूरसारख्या ठिकाणी काटेरी तारेच्या आत वसाहती. देश स्वतंत्र झाला 15 ऑगस्ट 1947 ला, ही माणसं सुटली 31 ऑगस्ट 1952 ला. पाच वर्षं सोळा दिवस उशिरा. आमच्या मित्रांचे वडील हे आकडे तोंडपाठ सांगायचे म्हणे. सगळे भटके या कायद्याखाली नव्हते, पण पोलिसाच्या नजरेत फरक फारसा नव्हता. ज्या माणसाला ठाण्यात न्याय मागायला जाता येत नाही, कारण तो आरोपी म्हणूनच आत जाणार, तो न्यायासाठी कुठे जाईल? आपल्यातल्या म्हाताऱ्यांकडे.

जगात इतरत्रही असंच आहे. केनियातल्या किकुयू लोकांमध्ये वडीलधाऱ्यांची सभा असते, तिला किआमा म्हणतात. जोमो केन्याटा यांनी 1938 साली आपल्या समाजावर पुस्तक लिहिलं. ते लंडनमध्ये मॅलिनोवस्की या मानववंशशास्त्रज्ञाचे विद्यार्थी होते, पुढे केनियाचे राष्ट्राध्यक्ष झाले. त्यात या सभेचं वर्णन आहे. दंड बकऱ्यांमध्ये भरायचा आणि सभेने तो मिळून खायचा. वाचताना गंमत वाटते. दंड खाण्याची गोष्ट आहे हे आम्ही तोवर पुस्तकातच वाचलं होतं.

तर त्या दुपारी आम्ही मित्रांच्या पालात पोहोचलो. पाल ताडपत्रीचं, आत वाकळा अंथरलेल्या. त्यांची आई दारात उभी होती. आमच्या पत्नीला तिने जवळ घेतलं, कडाकडा बोटं मोडली आणि म्हणाली, "आलीस का लेकी, मला वाटलं येती का न्हाई." मित्रांच्या पत्नी एका कोपऱ्यात डोक्यावर पदर घेऊन भाकरी थापत होत्या. त्या सरकारी दवाखान्यात परिचारिका, आम्ही त्यांना असं पदर घेतलेलं कधी पाहिलं नव्हतं. बाहेर वीस-पंचवीस पुरुष गोलात बसलेले. मध्ये मित्रांचे थोरले चुलते, पांढरं मुंडासं, हातात काठी. चूल तीन ठिकाणी पेटलेली, हंड्यात मटण शिजत होतं.

आम्हाला चुलत्यांच्या शेजारी बसवलं. पंगत झाली. बाजरीची भाकरी चुरून वर लालभडक रस्सा ओतला. आम्ही शाकाहारी घरात वाढलेलो, पण तोवर सुटलो होतो, पत्नी मात्र खात नव्हती. तिने एक क्षण आमच्याकडे पाहिलं आणि घास घेतला. नंतर म्हणाली, सगळा गोल माझ्याच हाताकडे पाहत होता, खाल्लं नसतं तर काहीतरी मोडलं असतं असं वाटलं. बायकांची समज अशी. आमच्या लक्षात काहीही आलं नव्हतं. आम्ही चुलत्यांना यात्रेबद्दल प्रश्न विचारत होतो आणि वहीत टिपून घेत होतो. जेवण झालं, चुलते उठले, मित्रांच्या पत्नींच्या हातून त्यांनी पाण्याचा तांब्या घेतला आणि सगळ्यांसमोर प्यायले. हलगी वाजली. आईने डोळ्यांना पदर लावला. आम्हाला वाटलं, पाहुणचाराची रीत असेल. आम्ही टाळ्या वाजवल्या. हो, वाजवल्या.

परतीच्या एसटीत, करंजीच्या अलीकडे, मित्रांनी सांगितलं. सहा वर्षांपूर्वी त्यांनी जातीबाहेर लग्न केलं होतं, नोंदणी पद्धतीने. पंचांनी वाळीत टाकलं. एकट्यांना टाकलं असतं तर त्यांना फिकीर नव्हती, ते नगरला खोली घेऊन राहत होते. पण टाकलं सगळ्या घराला. भावाची मुलगी लग्नाला आली, सोयरीक जमेना. वडील वारले तेव्हा खांदा द्यायला चौथा माणूस मिळाला नाही, विटभट्टीच्या मालकाने आपला गडी दिला. शेवटी या वर्षी मिटवायचं ठरलं. रोख दंड, तो त्यांनी पतपेढीतून कर्ज काढून भरला, आणि वर जातीला जेवण. ते जेवण आम्ही जेवलो होतो.

आम्ही फार चिडलो. काय बोललो ते आता लाज वाटते म्हणून सांगत नाही. सारांश एवढाच की सुशिक्षित माणसाने असा दंड भरणं म्हणजे शरणागती, आणि आम्हाला न सांगता त्यात बसवणं म्हणजे फसवणूक. ते शांतपणे म्हणाले, "सर, दंड आधी दुप्पट होता. चुलते पंचांना म्हणाले, कालेजातले लोक बाईमाणसाला घेऊन आपल्या पालात भाकरी खायला येतात, आणि आपण आपल्याच पोराला बाहेर ठेवायचं? म्हणून निम्मा झाला. तुम्हाला आधी सांगितलं असतं तर तुम्ही आला नसता." आला नसता, हे खरं होतं.

आम्ही त्या काळात वर्गात सामाजिक कराराचा सिद्धांत शिकवत असू. लॉक म्हणतो, तुम्ही राज्यात राहता म्हणजे मूकपणे संमती देता. ह्यूमने 1748 साली त्याला उत्तर दिलं, की झोपेत जहाजावर नेलेल्या माणसाला तुम्ही म्हणता का, की समुद्रात उडी मारायला तू मोकळा आहेस, म्हणजे कप्तानाची सत्ता तुला मान्य आहे? हा दाखला आम्ही पंधरा वर्षं दिला होता. जहाजावर आई असेल, भावाची मुलगी असेल, तर उडी कशी मारायची, हा प्रश्न ह्यूमने विचारला नाही आणि आम्हीही विचारला नव्हता. लक्ष्मण माने यांचं 'उपरा' 1980 सालीच आलेलं होतं, त्यात जातपंचायतीचा हा सगळा जाच आहे. आम्ही ते वाचून त्यावर परिसंवादात बोललोही होतो. वाचलेलं आणि शेजारी बसून जेवलेलं यांची गाठ पडायला वेळ लागतो.

एक मात्र स्पष्ट सांगू. या हकिकतीवरून पंचायत बरी होती असा अर्थ कुणी काढू नये. दंड निम्मा होतो म्हणून तो न्याय होत नाही. त्या गोलात एकही बाई बसलेली नव्हती, आणि पाणी देऊन स्वतःला शुद्ध करून घ्यावं लागलं ते एका बाईलाच. मित्रांच्या पत्नींना त्या दिवशी काय वाटलं हे आम्ही कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. पंचायतींच्या विरोधात महाराष्ट्रात कार्यकर्त्यांनी गावोगाव काम केलं. 2016 साली विधिमंडळाने सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला, तो 3 जुलै 2017 पासून लागू झाला. वाळीत टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. असा कायदा करणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य.

कायदा लागू झाल्याची बातमी वाचून आम्ही मित्रांना फोन केला. दोघंही निवृत्त झालेलो. आम्ही उत्साहाने म्हणालो, आता अशा गोष्टीची तक्रार करता आली असती. ते हसले. म्हणाले, "कुणावर करायची, सर? चुलते जाऊन बारा वर्षं झाली. आणि जेवायला बसलेल्यांची यादी काढली तर त्यात तुमचंही नाव येईल."

आम्ही काही बोललो नाही. मग पत्नीने फोन घेतला आणि त्या भावाच्या मुलीबद्दल विचारलं, जिच्यासाठी हे सगळं झालं होतं. ती पाथर्डीत असते. लग्न त्याच वर्षी वैशाखात झालं होतं. दोन मुलगे, थोरला विटभट्टीवर होता, आता जेसीबी चालवतो. गाढवं त्यांनी केव्हाच विकली, मढीच्याच बाजारात.